बाकावर बसलास तरी

मंडणगड

चि. बाळास,


सलग दोन फुटबॉल सामने तुला बाकावर बसवलं, तेव्हापासून तू धड जेवत नाहीस, असं वहिनी काल सांगत होती. ऐकल्यापासून माझाही घास घशाखाली उतरत नाही रे. तुझं कोल्हापूर जवळ असतं तर डबा घेऊन आले असते.

इकडे सगळं ठीक. आंब्याला मोहोर चांगला आलाय, पण दोन दिवस मळभ आहे, म्हणून तुझे बाबा सारखे बागेत. तू अनवाणी खेळायचास त्या कातळावर आता लहान पोरं खेळतात आणि तुझं नाव घेतात.

आठवतं, मे 2024मध्ये तू सुट्टीला आला होतास? पडवीत फणस फोडून ठेवला होता आणि आपण मोबाइलवर मुंबई सिटी आणि मोहन बागानचा अंतिम सामना बघत होतो. मध्यंतराला मुंबई एका गोलने मागे. 53व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या होर्हे पेरेरा डियाझने बरोबरी केली आणि तू एवढ्याने ओरडलास, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली! मुंबई 3-1 जिंकली. तुझ्या मनात तो गोल राहिला. माझ्या मनात राहिली तू सांगितलेली डियाझची हकिकत.

1990चा जन्म, लानूस क्लबाकडून खेळलेला. खेळासाठी घरदार सोडून मलेशियातल्या जोहोरला गेला, मग 2021मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे आला. 20 मार्च 2022ला शेजारच्या गोव्यात, फातोर्ड्याला अंतिम सामना. केरळ पुढे होतं. 88व्या मिनिटाला हैदराबादने बरोबरी केली आणि पेनल्टीत हातातोंडाशी आलेला चषक गेला. पुढच्या हंगामात तो मुंबईकडे आला आणि तो गोल केला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. मधली दोन वर्षं तो रुसून बसला असता तर?

2022च्या त्या हैदराबादच्या संघात तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, तेव्हा आपण तिन्ही सामने हरलो होतो. तोही हरूनच पुढे गेला ना?

म्हणून सांगते राजा, बाकावर बसलास तरी डोळे मैदानावर ठेव. समोरचा बचावपटू कुठल्या पायावर वळतो, कधी दमतो, ते बघून ठेव. शेवटची दहा मिनिटं मिळाली तर तेच कामाला येईल. गोल झाला नाही तरी चेंडू परत मिळवायला धाव. आणि प्रशिक्षकांवर राग धरू नकोस. काय कमी पडतं, ते सरळ विचार.

आणखी एक. बारावीचा अभ्यास सोडू नकोस. एक गुडघा दुखावला तर सगळं थांबतं, हे तुझ्याच सोबत्यांत तू पाहिलंयस. पुस्तक हाती असलं म्हणजे खेळतानाही मनावर ओझं राहत नाही.

बाकावर बसल्याने कोणी लहान होत नाही, पण उपाशी राहून पाय चालत नाहीत. आज रात्री पोटभर जेव आणि जेवलास की आईला फोन कर. ती वाट बघतेय.

तुझी,
आत्या