साधनाचे स्वामित्व

दुसऱ्याने घडविलेले साधन आपल्या हाताजोगे करून घेण्याचा आपणांस अधिकार किती, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. खानदेशातील शेतकऱ्यास तो पडतही नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारातून तो कुऱ्हाडीचे पाते आणतो आणि दांडा स्वतःच्या मुठीच्या मापाने तासून घेतो. सातपुड्यातील भिल्लाचे धनुष्य बांबूचे, त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. ज्याचे त्याच्या बाहुबळास ते साजेसे. येथे साधन व धनी यांत वाद संभवत नाही. परंतु तेच साधन जुने, परक्या हातांनी पोलादात घडविलेले आणि प्राणघातक असले, म्हणजे हाच प्रश्न नीतीचा होतो. म्हणून घरच्या कार्यशाळेत लक्ष्यवेधाची जुनी बोल्ट रायफल आपल्या सोयीची करू पाहणाऱ्या नेमबाजाचे उदाहरण आम्ही विचारासाठी घेतो.

लष्करी बंदूक ही मुळात एका मापाची वस्तू. १८२५ साली जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्लांचे पथक उभारले व धरणगाव हे त्याचे ठाणे झाले, तेव्हा स्वतःच्या धनुष्यास सरावलेल्या हातांत सरकारी मापाची बंदूक आली. पुढे खुद्द लष्करासही हाताहातांतला भेद मान्य करावा लागला. ली-एनफील्ड रायफलीचे दस्ते आखूड, मध्यम व लांब अशा मापांचे निघू लागले. सरकारने शिपायासाठी जे केले तेच नेमबाज स्वतःसाठी करू इच्छितो, यात मूलतः वावगे काही नाही.

त्यास सबळ कारणही आहे. गोळी सुटताना नळी कंप पावते. पावसाळ्यात फुगलेले लाकूड नळीस एका अंगाने दाबू लागले की तो कंप बदलतो आणि नेम अचूक असूनही गोळी भलतीकडे जाते. म्हणून दस्त्यातील खाच नळीस न शिवेल इतकी रुंद करणे, यंत्राचा भाग लाकडात घट्ट व सारखा बसविणे, गाल टेकण्याची जागा उंच करणे, लाकडात जवसाचे तेल मुरविणे, माशी बदलणे, चाप हलका करणे, असा या कामाचा विस्तार असतो. पन्नास मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे गालाखालचे बोटभर लाकूडही निर्णायक ठरते.

परंतु येथेच पहिला मोह उभा राहतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. साधनात सुधारणेस जागा आहे हे एकदा कळले, की प्रत्येक चुकलेली गोळी दस्त्याच्या नावे मांडता येते. टेकूवर ठेवून झाडलेल्या रायफलीच्या गोळ्या एकत्र पडत असतील आणि हाती धरल्यावर त्याच विखुरत असतील, तर दोष लाकडाचा नव्हे. ही परीक्षा सोपी आहे; तिचा निकाल मानणे तेवढे कठीण. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, गुडघ्यावर, निजून व उभे राहून नेम धरावयाच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत प्रत्येकाची रायफल नियमांच्या मापांत बसावी लागते. साधनाने जे द्यावयाचे ते सर्वांस दिल्यावर उरलेले अंतर साधनेनेच काटावे लागते.

दुसरा प्रश्न पूर्वीच्या कारागिराच्या ऋणाचा. जुन्या वस्तूस हातच लावू नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे. तो आम्हांस मान्य नाही. वापरासाठी घडविलेल्या वस्तूचा मान वापरातच राहतो. परंतु सद्हेतू पुरेसा नसतो, हेही खरे. जळगावहून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची डागडुजी करविली. रक्षणासाठी दिलेला लाखेचा लेपच पुढे पिवळा पडून चित्रांवर झाकोळ आला. यावरून एक कसोटी निघते: पुढच्या धन्यास मागे फिरता येईल असाच बदल करावा. नवा दस्ता चढवून जुना जपून ठेवणारा कारागिराशी प्रामाणिक राहतो. कानशीने गेलेले पोलाद मात्र कोणासही परत आणता येत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. वस्तू माझी, हात माझे, मग आडकाठी कोणाची? १८७८ चा हत्यारांचा कायदा परकीय सत्तेने जित लोकांच्या अविश्वासापोटी केला होता. युरोपियनांस त्यातून सूट होती. त्याविषयीचा राग न्याय्यच होता. पण १९५९ चा कायदा आपल्याच संसदेने केला, आणि त्यानेही परवान्यावाचून बंदुकीचे रूपांतर वा दुरुस्ती करण्यास मनाई ठेवली. हा निव्वळ जुना अविश्वास आहे असे आम्हांस वाटत नाही. कुऱ्हाडीचा दांडा बिघडला तर बहुधा धन्याच्याच तळहातास फोड येतो. फाजील हलका केलेला चाप धक्क्याने सुटला, तर गोळी शेजाऱ्याच्या अंगणात जाते. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात काडतुसे होतात. तेथेही एका कारागिराच्या भरवशावर माल बाहेर पडत नाही, त्याची पारख होते. ज्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजावयाची, तीवर दुसऱ्याची नजर असणे हा अपमान नव्हे.

मग घरच्या कार्यशाळेस उरते काय? आमच्या मते पुष्कळ उरते. आपल्या खांद्याची व गालाची मापे घेणे, सागाच्या तुकड्यावर दस्त्याचा नमुना कोरून पाहणे, कोणता दोष आपला व कोणता साधनाचा याची वही ठेवणे, आणि ती वही घेऊन परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडे जाणे. यात हाताचा आनंद थोडा उणा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु स्वतःस काय हवे ते ठरविण्याचा अधिकार नेमबाजाकडेच राहतो. शेजाऱ्याच्या जिवावरचा धोका त्यास न विचारता पत्करण्याचा अधिकार मात्र कोणत्याही स्वामित्वात येत नाही.