हरणाऱ्या हौशी संघाचे साध्य

हंगामभर हरलेला हौशी सॉफ्टबॉल संघ पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतो, ही अमेरिकेतल्या सार्वजनिक मैदानांवर दर उन्हाळ्यात दिसणारी गोष्ट आहे. तिच्यात खेळाच्या तत्त्वज्ञानातला एक जुना पेच दडलेला आहे. खेळाचे साध्य विजय असेल तर असा हंगाम वाया गेला म्हणायला हवे. आणि साध्य निव्वळ आनंद असेल, तर धावा मोजायच्या कशाला?

हा खेळ जन्मला तोच गमतीतून. 1887 च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही मंडळी हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. एकाने बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हँकॉक यांनी मोजा बांधून त्याचाच चेंडू केला. आज हौशी लीगमध्ये मुख्यतः ‘स्लो-पिच’ प्रकार खेळतात: दहा क्षेत्ररक्षक, सात डाव आणि खांद्याखालून कमानीत टाकलेला संथ चेंडू. चेंडू मारणे सोपे असल्यामुळे सामन्याचा निकाल बराचसा क्षेत्ररक्षणावर लागतो, आणि दुबळा संघ उघडा पडतो तो तिथेच. शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाचा घाईतला थ्रो पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून जातो आणि धावणारा एकाऐवजी दोन बेस पटकावतो. पुढचा उंच चेंडू दोघांच्या मधोमध पडतो, कारण झेल दुसऱ्याचा आहे असे दोघांनाही वाटलेले असते. बघता बघता एका डावात आठ-दहा धावा चढतात.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 मध्ये ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा असा: गरज नसलेले अडथळे आपखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. चेंडू कुंपणापलीकडे न्यायचा असेल तर तो हातात घेऊन चालत जाणे केव्हाही सोपे. खेळाडू ती सोपी वाट सोडतो, कारण अवघड वाटेवाचून खेळच उरत नाही. या व्याख्येचा उपयोग असा की संघाच्या अडचणी तिच्यामुळे दोन राशींत पडतात. सुटलेला झेल, सरस प्रतिस्पर्धी, शेवटच्या डावात पुसून गेलेली आघाडी या खेळाच्या पोटातल्या अडचणी. त्या नाव नोंदवतानाच मान्य केलेल्या असतात. कामावरून वेळेत न सुटलेले तिघे, पावसाने बुडालेला सामना, मोडलेला घोटा या बाहेरून माथी आलेल्या.

दोन्हींमधला फरक व्यवहारातही उतरतो. मिशिगनमध्ये डेव्हिड जांडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी सॉफ्टबॉलमधील दुखापतींचा अभ्यास करून 1988 मध्ये तो प्रसिद्ध केला. जमिनीत घट्ट रोवलेल्या बेसवर घसरत जाताना 45 जणांना दुखापत झाली. धक्का लागताच सुटणारे बेस बसवल्यावर जवळपास तितक्याच सामन्यांत हा आकडा 2 वर आला. बेस सैल झाल्याने खेळाचे काहीच बिघडले नाही. घोट्याचे मोडणे हा त्या खेळाचा अडथळा कधी नव्हताच, हे यातून सिद्ध झाले. उद्या कोणी पराभवच काढून टाकला, म्हणजे धावा मोजणे बंद केले, तर मात्र उरेल तो फक्त व्यायाम.

गैरहजेरीचे कोडे जरा अवघड आहे. दहाऐवजी आठच जण आले तर आउटफिल्डमध्ये खिंडारे पडतात. काही लीगमध्ये फलंदाजीच्या क्रमातली रिकामी जागा बाद धरली जाते. किमान संख्या न भरल्यास सामना न खेळताच गमवावा लागतो. हौशी खेळाडूला पगार नाही, करार नाही. मग तो न आल्यास त्याने कोणाचा अपराध केला? याचे उत्तर सूट्सच्या व्याख्येतून काढता येते. अडथळा आपखुशीने पत्करला तरी तो एकट्याने पत्करलेला नसतो. बाकी नऊ जणांनी आपली संध्याकाळ त्याच्या भरवशावर राखून ठेवलेली असते. खेळायला येण्याची सक्ती नाही, पण येतो म्हणून सांगितल्यावर यायलाच हवे. सततच्या पराभवाने जितके संघ मोडत नाहीत, तितके या एका गोष्टीने मोडतात.

मूळ पेचाचे सर्वांत समाधानकारक उत्तर सी. थी न्गुयेन यांच्या 2020 मधील ‘गेम्स: एजन्सी अ‍ॅज आर्ट’ या पुस्तकात सापडते. त्यांच्या मते खेळाडू दोन प्रकारचे. एकाला खरोखर विजयच हवा असतो. दुसऱ्याला झुंज हवी असते, आणि झुंजीसाठी तो विजयाची इच्छा तेवढ्या वेळापुरती अंगीकारतो. सातव्या डावात 3 विरुद्ध 18 अशी अवस्था असताना साधा टोला मारून पहिल्या बेसकडे जिवाच्या आकांताने धावणारा मनुष्य या दुसऱ्या जातीचा. तो बेस त्या क्षणी त्याला खरोखरच हवा असतो. घरी पोचेपर्यंत मात्र तो विसरलेलाही असतो.

इथे ‘जिंकणे महत्त्वाचे नाही, भाग घेणे महत्त्वाचे’ हे ठरीव सांत्वन अपुरे पडते. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी एथेलबर्ट टॅल्बट या अमेरिकन बिशपने सेंट पॉल्समधील प्रवचनात या आशयाचे विचार मांडले आणि आधुनिक ऑलिम्पिकचे प्रणेते पिएर द कुबेर्तँ यांनी ते उचलून धरले. सामना संपल्यावर हे वाक्य बरे. सामना चालू असताना ते मानणारा खेळाडू दोन्ही संघांचा विरस करतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी निष्काम कर्म आठवणे साहजिक आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी फलाशा सोडणे आणि उद्दिष्ट सोडणे यांत गल्लत होऊ दिलेली नाही: कर्म नेटाने, विचारपूर्वक करायचे, आसक्ती तेवढी टाकायची. साम्य आहे, पण पुरते नाही. गीतेतले कर्म वाट्याला आलेले असते, टाळता येत नाही. खेळाचे कर्म माणूस स्वतः निर्माण करतो आणि त्यात फळाची ओढ काही काळ मुद्दाम जागवतो. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची भूमिका अधिक जवळची वाटते. त्याच्या प्रवचनांत चेंडूचे उदाहरण येते: चेंडू स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही, चांगले-वाईट असते ते फेकणे आणि झेलणे. सॉक्रेटिसने खटल्याच्या वेळी तुरुंग आणि विष हेच चेंडू मानून खेळ केला, असेही तो सांगतो. दुबळ्या संघाला यातून फुकटचा दिलासा मिळत नाही, कारण त्यांचे फेकणे-झेलणेच कच्चे असते. पण कच्चेपणा सरावाने कमी होतो, समोरच्याचे बळ आपल्या हाती नसते.

उरतो तो समोरच्याचा प्रश्न. मोठी आघाडी घेतलेल्या संघाने हात आखडता घ्यावा काय? निकोलस डिक्सन यांनी 1992 मधील एका लेखात उलट बाजू मांडली: दुबळ्यावर धावांचा डोंगर रचणे ही मुळात अखिलाडूवृत्ती नाही, कारण मोठ्या फरकाने हरण्यात माणूस म्हणून कमीपणा नसतो. युक्तिवाद खणखणीत आहे आणि तो बहुतांशी मान्य व्हावा. मुद्दाम सोपे झेल सोडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याइतका अपमान धावफलक करत नाही. तरीही ठराविक डावांनंतर पंधरा-वीस धावांचा फरक पडल्यास सामना थांबवण्याचा नियम बहुतेक लीगमध्ये असतो. तो दयेपोटी असल्याचे मानले जाते. पुढच्या सामन्यासाठी मैदान वेळेत मोकळे करणे हेही त्याचे एक कारण असते.

खरा अन्याय वेगळाच आहे. काही तगडे संघ सहज जिंकता यावे म्हणून खालच्या गटात नाव नोंदवतात, किंवा बाहेरचा पट्टीचा खेळाडू एका सामन्यापुरता आणतात. हे धावा चढवण्यासारखे नव्हे. यात अडथळा पत्करल्याचे सोंग आहे, म्हणून सूट्सच्या अर्थाने तो खेळच नव्हे. यावर आयोजकांकडे उपाय आहे: सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या निकालांवरून संघांची गटवार फेररचना करायची, म्हणजे तुल्यबळ संघ एकमेकांसमोर येतात आणि झुंजीला अर्थ राहतो. अशा फेररचनेनंतरही सर्वांत खालच्या गटात शेवटचा क्रमांक कोणा ना कोणा संघाला मिळतोच.