‘वऱ्हाड’मधला र कोण सांभाळतो?

शेवटच्या वर्षाच्या एका इंजिनिअरिंग विद्यार्थ्याला विचारलं, “प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय लिहिलंस?” तो निवांत म्हणाला, “सर, लिहायचं काय त्यात? सगळ्याच्या लायब्रऱ्या आहेत.” उत्तर खरं होतं, म्हणूनच जास्त खुपलं.

लायब्ररीतल्या तयार कोडने वेळ वाचतो, हे सांगायला नको. सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यात बनावेत आणि प्रोग्रामरने यादीतून निवडावेत, ही मागणी संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी 1968 मध्येच जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत केली होती. ती पुरी झाली, जरा जास्तच.

माझे एक निवृत्त प्रोग्रामर मित्र मात्र ठणकावतात, “दुसऱ्याच्या कोडवर विसंबूच नये.” दाखला मार्च 2016 चा. ‘लेफ्ट-पॅड’ ही अकरा ओळींची लायब्ररी. मजकुराच्या डावीकडे जागा भरायची, एवढंच तिचं काम. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, लेखकाने रागाने ही काढून घेतली आणि जगभर हजारो प्रोजेक्ट अडले. अकरा ओळींचाही आळस? मीसुद्धा मित्रांचीच बाजू मांडायला बसलो होतो.

पण लायब्रऱ्यांच्या जाती दोन: कष्ट वाचवणाऱ्या आणि ज्ञान साठवणाऱ्या. लेफ्ट-पॅड पहिल्या जातीची. ‘हार्फबझ’ दुसऱ्या जातीची. अँड्रॉइडवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये मराठी अक्षरं जुळवते ती हीच. ‘सूर्य’मधला र रफार होऊन डोक्यावर चढतो, ‘वऱ्हाड’मधला तसा चढला तर शब्द नासतो, तो ह च्या आधी आडवाच बसायला हवा. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, दिसते आधी. मूळचे इराणी बेहदाद एस्फहबोद आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं असलेच नियम कितीतरी लिप्यांसाठी घडवत आले. मित्रांनी हे स्वतः लिहायला घ्यावं. उरलेली निवृत्ती पुरायची नाही.

मग विद्यार्थ्याचंच बरोबर? तेही नाही. लेफ्ट-पॅड दोनेक तासांत परत आली. ती कुणालाही पुन्हा लिहिता आली असती. खरा धोका दुसऱ्या जातीत आहे. फाइली लहान करणारी ‘एक्सझेड’ लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते. लासे कॉलिन ती जवळजवळ एकहाती, बिनपगारी सांभाळत होते. ‘जिआ टॅन’ नावाच्या कुणीतरी दोनएक वर्षं मदत करून विश्वास कमावला आणि 2024 मध्ये तिच्यात चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलं, म्हणून ती सापडली.

तेव्हा स्वतः लिहिलं की उसनं आणलं, हा वादच मी सोडला. उसनं जरूर घ्यावं, पण ज्याचं घेतलं त्याच्या राखणीत हात लावावा. हार्फबझचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि ‘ऱ्ह’ बिघडला तर ते ओळखायला मराठी वाचणाराच लागतो. विद्यार्थ्यांनी वापरलेल्या लायब्ररीतली एक तरी चूक शोधून, नीट लिहून तिच्या सांभाळणाऱ्यांना कळवावी. आणि परीक्षकांनी त्याला प्रोजेक्टइतकेच गुण द्यावेत.