धार आणि काम



तारापूरच्या किनाऱ्यावर मासे चिरणारी सुरी, बोइसरच्या न्हाव्याचा वस्तरा, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला तेव्हां चाललेल्या तरवारी, हीं सर्व पोलादाचींच पातीं. तथापि सर्वांची धार एक नाहीं. वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू धारेपाशीं सुमारें १६ ते २० अंशांच्या कोनांत मिळतात, स्वयंपाकघरांतील सुरीच्या बहुधा ३० ते ४० अंशांत. तरवारीस हाडाचा, ढालीचा व दुसऱ्या तरवारीचा आघात सोसावा लागे, म्हणून तिची धार सामान्यतः जाड ठेवीत. बारीक धार सहज शिरते, पण लवकर मोडते. जाड धार जोर मागते, पण टिकते. करितां तरवारीस वस्तऱ्याची धार लावणारा शिकलगार शहाणा नव्हे.

हें आम्हांस ठाऊक असूनहि आम्ही एकदां चुकलों. बोइसरच्या एका प्रार्थनासभेंत एक तरुण बंधु उपदेशाच्या वेळीं डुलक्या घेत होता. आम्ही त्यास सर्वांदेखत टाकून बोललों. मंडळी हंसली. मागाहून कळलें कीं, तो कारखान्यांतील रात्रपाळी संपवून, घरीं न जातां, तसाच उपासनेस आला होता. पुढें कित्येक रविवार त्याची जागा रिकामी राहिली. उपासनेंत जागें राहावें, हें आमचें बोलणें खोटें नव्हतें; परंतु जेथें मायेचा हात हवा होता, तेथें आम्हीं वस्तरा चालविला. स्तोत्रकर्त्यानें ५२ व्या स्तोत्रांत कपटी जिभेस वस्तऱ्याची उपमा दिली आहे. आमच्या जिभेंत कपट नव्हतें, तरी जखम तशीच झाली.

पेत्राकडे पाहा. तो मासे धरणारा. जाळ्याची त्याच्या हातास संवय. गेथशेमाने बागेंत त्यानें तरवार उपसली आणि मल्ख नांवाच्या दासाचा कान छाटला. ज्या कानानें त्या दासानें सुवार्ता ऐकावी, तोच कान शिष्यानें तोडला! प्रभूनें मात्र स्पर्श करून तो बरा केला.

तीक्ष्णतेचा अभिमानहि व्यर्थ आहे. २०२० सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, पोलादाहून सुमारें ५० पट मऊ असा केसहि वस्तऱ्याच्या धारेचे सूक्ष्म टवके काढतो. आमचेंहि तसेंच झालें. त्या दिवसानंतर प्रीतीविषयीं उपदेश करूं लागलों, तों आमचेंच पातें बोथट झालेलें आम्हांस कळलें.

शेवटीं आम्ही त्या बंधूच्या घरीं गेलों. त्याची आई दारांत विळीवर बोंबील कापीत होती. आम्हांस पाहतांच तिनें प्रथम विळीचें पातें मिटून बाजूस ठेविलें, आणि मग बसावयास चटई टाकिली. त्या माउलीनें एक शब्दहि न बोलतां आम्हांस उपदेश केला. आम्हीं तिच्या मुलाची क्षमा मागितली व त्यानें ती दिली. तो आतां सभेस येतो. परंतु पूर्वीसारखा पुढें बसत नाहीं, दाराजवळ बसतो. कान तोडणें आमच्या हातीं होतें. तो जोडणें प्रभूच्याच हातीं आहे, आणि त्यासाठीं आम्ही रोज प्रार्थना करितों.

बंधूंनो, येत्या रविवारीं आपल्या मंडळींत कोणाची जागा रिकामी आहे, तें पाहा. त्याच्या घरीं अवश्य जा. पण जातांना पातें मिटून जा.