नेम कुणाचा?

मोबाइलवर शूटिंग गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, शेवटची गोळी कुणी मारली? तो छाती फुगवून म्हणेल, ‘मी!’ पण ‘बीजीएमआय’च्या सेटिंगमध्ये ‘एम असिस्ट’ नावाचा एक पर्याय असतो. तो चालू असला की शत्रूच्या जवळ आलेला नेम गेम हळूच त्याच्याकडे ओढतो. अंगठा आपला, ओढ यंत्राची. मग नेम कुणाचा?

ही मदत लबाडीतून आलेली नाही, अडचणीतून आली आहे. माउसनं नेम धरायचे हे खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर बसवणं सोपं नव्हतं. २००४ साली आलेल्या सोनीच्या पीएसपीला चालण्यासाठी एक अ‍ॅनालॉग स्टिक होती, नेम धरायला दुसरी नव्हती. ‘सायफन फिल्टर : डार्क मिरर’नं (२००६) ते काम उजवीकडच्या चार बटणांवर सोपवलं. त्याच वर्षीच्या ‘किलझोन : लिबरेशन’नं कॅमेराच उचलून वर नेला. ‘रेझिस्टन्स : रेट्रिब्युशन’मध्ये (२००९) शत्रू चौकटीत आला की नेम आपोआप बसायचा. टचस्क्रीनवर तर बोटाला जाणवेल असं बटणही नाही. थोडीही मदत नसती, तर बहुतेकांनी दोन दिवसांत गेम डिलीट केला असता.

मदत घेणं आपल्याला नवीन नाही. लपंडावात, लगोरीत लहान भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. यात कुणाला अन्याय वाटत नाही, कारण तो कच्चा लिंबू आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यालाही. म्हणूनच एक दिवस तो हट्ट धरतो, ‘आता माझ्यावर पण राज्य येऊ द्या.’

मोबाइल गेम आपल्याला कच्चा लिंबू करतो, पण सांगत नाही. नवख्यांच्या सामन्यात माणसासारखी नावं घेऊन बॉट फिरत असतात. आपण दहा जणांना उडवतो, ‘चिकन डिनर’ मिळतं, स्क्रीनशॉट स्टेटसला जातो. दहातले माणूस किती होते, कुणास ठाऊक.

‘मजा आली ना, मग झालं!’ असं कुणी म्हणेल. पण नुसती मजा हवी असती, तर दुसऱ्याच्या विजयाचा व्हिडिओ पाहूनही भागलं असतं. आपल्याला ‘मी केलं’ हे हवं असतं. लपवलेली मदत नेमकं तेच काढून घेते.

पुन्हा पुन्हा खेळण्याचं कोडंही इथंच सुटतं. एरँगलचा नकाशा तोच, शंभर जण तेवढेच, गोष्ट काहीच नाही. तरी आपण परत जातो. कधी मनात असतं, ‘मागच्या वेळी उघड्यावरून गेलो, आता टेकडीआडून जाऊ.’ कधी फक्त पुढचं बक्षीस खुणावत असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक एवढाच, की पहिल्यात आपण का हरलो हे कळतं. दुसऱ्यात आपण का जिंकलो हेही कळत नाही.

आता समजा, गेवराई तालुक्यातल्या उमापुरात दोन मित्र पारावर शेजारी बसून खेळतायत. एकाच्या फोनला जायरोस्कोप आहे. फोन किंचित वाकवला की बंदुकीचा झटका सावरतो. दुसऱ्याच्या स्वस्त फोनला ते नाही. तो चार बोटांचा ‘क्लॉ’ करून तेच साधायला धडपडतो. हरल्यावर पहिला म्हणतो, ‘तुझी प्रॅक्टिस कमी पडते.’

हे वाक्य आपण गेमबाहेरही ऐकतो. ज्याला स्वतंत्र खोली, क्लास आणि घरची शांतता मिळाली, तो निकालाच्या दिवशी म्हणतो, ‘मी मेहनतीनं पास झालो.’ ते खोटं नाही, अपुरं आहे. मेहनत त्याची होतीच. पण त्याचा एम असिस्टही चालू होता. तो पर्याय चालू असणं हा गुन्हा नाही. तो विसरून, ज्याच्याकडे तो नव्हता त्याला आळशी ठरवणं मात्र वाईट.

म्हणून दहा मॅच एम असिस्ट बंद करून खेळून बघा. बहुधा माराल कमी, मराल जास्त. मग हवं तर पुन्हा चालू करा. तेव्हा निदान एवढं ठाऊक असेल, की नेमातला आपला वाटा किती. आणि शेजारच्याला ‘प्रॅक्टिस कर’ म्हणण्याआधी त्याचा फोन एकदा हातात घेऊन बघावासा वाटेल.