साक्षी आणि पहारा

ईश्वर सर्वसाक्षी असून त्याच्या दृष्टीसमोर वावरताना श्रद्धावंताला संकोच वाटत नाही, तर मग शाळेच्या भिंतीवरील कॅमेऱ्याला आणि मुलांचे चेहरे ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला हरकत कशासाठी, असा युक्तिवाद हल्ली सज्जन पालकांच्या मुखीही ऐकू येतो. तो वरकरणी सात्त्विक असला तरी मुळात सदोष आहे. सांख्यांनी आपल्या एका कारिकेत पुरुषाला, म्हणजे शुद्ध चैतन्याला, साक्षी मानले, पण त्याच कारिकेत त्याला मध्यस्थ आणि अकर्ताही म्हटले: तो पाहतो, परंतु दप्तर ठेवत नाही, की कोणाकडे फिर्याद नेत नाही. यंत्र पाहते ते नोंदण्यासाठी, आणि नोंदते ते कोणाच्या तरी अंमलासाठी.

स्वीडनमधील शेलेफ्तेओ येथील एका माध्यमिक शाळेत 2018 साली 22 विद्यार्थ्यांची हजेरी तीन आठवडे अशा यंत्रणेने घेतली गेली. विद्यार्थी वर्गात शिरला की कॅमेऱ्याने चेहरा टिपायचा आणि हजेरी आपोआप लागायची. शिक्षकांचा वेळ वाचावा हा हेतू निरुपद्रवी होता, आणि रीतसर संमतीही घेतलेली होती. तरीही तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने 2019 मध्ये नगरपालिकेला दोन लाख क्रोनांचा दंड ठोठावला. कारण ज्या संस्थेच्या हाती विद्यार्थ्याचे गुण आणि भवितव्य असते, तिला दिलेली संमती स्वेच्छेची मानता येत नाही. संमतीचा इतका सूक्ष्म विचार एखाद्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभावा.

प्रश्न केवळ संमतीचा नाही, संस्काराचाही आहे. मागच्या बाकावर दप्तराआड चिंच खाणारा मुलगा मास्तरांना दिसतो, ते पाहून न पाहिल्यासारखे करतात, आणि मास्तरांनी पाहिले हे मुलालाही उमगते; त्या कानाडोळ्यात क्षमा आणि विश्वास यांचा जो संस्कार होतो, तो अचूक नोंदीच्या आधारे कसा व्हावा? चुकीची कायमची मिसल तयार होत असेल, तर मूल सदाचारी होण्याऐवजी केवळ सावध होते.

युरोपीय संघाने शिक्षणसंस्थांत भावना ताडणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद वगळून, 2 फेब्रुवारी 2025 पासून मनाई केली आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात, बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर, 2024 साली राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. त्यामागील व्यथा खरी आहे, आणि फाटकावर वा जिन्यात पहारा असण्यास माझी ना नाही. परंतु ते चित्रण किती दिवसांनी पुसले जाते, आणि चेहरा ओळखणारे यंत्र उद्या त्याला जोडले जाणार नाही याची हमी काय, हे प्रत्येक पालकाने मुख्याध्यापकांना लेखी विचारावे.