पाँडिचेरीचं देणं

अमेरिकेतल्या योग शिबिरांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. पांढऱ्या भिंती, बोगनवेल, पितळी समई, मागे समुद्र, आणि खाली एक ओळ: भारतातल्या अमुक किनारी गावापासून प्रेरित. ते गाव कधी गोव्यातलं असतं, कधी कोची, कधी पाँडिचेरी. गाव मिश्र संस्कृतीचं असेल तर आणखीच बरं. देऊळ, चर्च आणि फ्रेंच बेकरी एकाच रस्त्यावर दिसली की जाहिरात निम्मी तयार होते.

अशी जाहिरात पाहून आपल्यापैकी काहीजण चिडतात: आमचं उचललं आणि विकायला काढलं. काहीजण हसून सोडून देतात: संस्कृती वाहतीच असते, तिला कुंपण कसलं घालता? मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, कारण दोन्ही एकाच प्रश्नाची आहेत. तो प्रश्न म्हणजे, हे कुणाच्या मालकीचं? मला वाटतं, विचारायला हवा तो प्रश्न दुसरा आहे. जो घेतो तो देणं किती लागतो, आणि कुणाचं?

एक खरं उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियात बिग सरच्या किनाऱ्यावर, समुद्रावर झुकलेल्या कड्यावर, एसालेन इन्स्टिट्यूट आहे. गरम पाण्याचे झरे, योग, ध्यान, शरीरमनाच्या तऱ्हेतऱ्हेच्या कार्यशाळा. आज अमेरिकेत 'रिट्रीट' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते घडवण्यात या जागेचा वाटा मोठा आहे. मायकेल मर्फी आणि डिक प्राइस या स्टॅनफर्डच्या दोन पदवीधरांनी ती १९६२ साली सुरू केली. मर्फी विद्यार्थी असताना, १९५० साली, त्यांनी फ्रेडरिक स्पीगलबर्ग या प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकलं आणि ते श्री अरविंदांच्या विचाराकडे ओढले गेले. १९५६-५७ मध्ये ते पाँडिचेरीच्या आश्रमात जाऊन राहिले. अरविंदांचं निधन १९५० च्या डिसेंबरातच झालं होतं. आश्रम माताजी चालवत होत्या. परत आल्यावर मर्फींनी आश्रम काढला नाही. गुरू आणि दर्शन मागे ठेवून ते एक विचार घेऊन आले: माणूस अजून पुरता घडलेला नाही, त्याच्यात न उलगडलेलं बरंच शिल्लक आहे. बिग सरचा कडा या विचारासाठी उघडला गेला.

म्हणजे भारतातल्या एका मिश्र किनारी गावाने अमेरिकेतल्या एका रिट्रीटला जन्म दिला, असं म्हणायला हरकत नाही. पण मग त्या गावाकडेही नीट पाहायला हवं.

अरविंद घोष पाँडिचेरीला आले ते समुद्रकिनारी शांतता मिळेल म्हणून नव्हे. अलीपूर बॉम्ब खटल्यातून १९०९ साली सुटल्यावरही ब्रिटिश सरकारची नजर त्यांच्यावर होती. ते आधी चंद्रनगरला गेले आणि ४ एप्रिल १९१० रोजी पाँडिचेरीत उतरले. दोन्ही ठिकाणं फ्रेंचांची. तिथे ब्रिटिश पोलिसांचा हात पोचत नव्हता. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती याच कारणासाठी १९०८ पासून तिथे राहत होते. माताजी, म्हणजे मिरा अल्फासा, यांचा जन्म पॅरिसचा, वडील तुर्कस्तानातले आणि आई इजिप्तमधली ज्यू. त्या १९१४ साली पहिल्यांदा पाँडिचेरीला येऊ शकल्या, त्यामागेही फ्रान्सशी असलेला या गावाचा धागा होता. ज्या मिश्रणावर आपण भाळतो ते दोन साम्राज्यांमधल्या सीमेने घडवलं होतं.

त्या सीमेची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती. गावाच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेला, समुद्राकडे, गोऱ्यांची वस्ती. पश्चिमेला तमिळ लोकांची. आज पर्यटक ज्या पिवळ्या भिंतींसमोर फोटो काढतात, त्या या फाळणीच्या एका बाजूच्या आहेत. १७४८ साली, डुप्लेच्या काळात, वेदपुरीश्वराचं देऊळ पाडलं गेलं. डुप्लेचाच दुभाषी आनंद रंग पिल्लै याच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात याच बंदरातून करारबद्ध मजुरांची जहाजं फ्रेंचांच्या ऊसमळ्यांकडे, थेट ग्वादलुप आणि मार्टिनिकपर्यंत गेली. आपल्याला गोड वाटणाऱ्या 'मिश्रणा'त हे सगळं आलं.

आता सांगा, पाँडिचेरीचा वारसा कुणाच्या मालकीचा? तमिळांचा, फ्रेंचांचा, एका बंगाली क्रांतिकारकाचा, की पॅरिसमध्ये जन्मलेल्या एका ज्यू स्त्रीचा? खरं तर आपण मराठी माणसंही त्यात हक्क सांगू शकतो. अरविंद बडोद्यात १८९३ पासून तेरा वर्षं नोकरीला होते, तिथे ते मराठी शिकले. आणि १९०८ च्या सुरुवातीला बडोद्यातच त्यांना ध्यानाला बसवलं ते विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने. एका खोलीत तीन दिवस दोघं बसले आणि अरविंदांचं मन निःशब्द झालं, असं अरविंदांनीच पुढे सांगितलं. थोड्याच दिवसांनी निरोप घेताना लेल्यांनी शिष्याला आपल्याशी बांधून ठेवलं नाही. तुझ्या आतला मार्गदर्शक सांगेल तसं चाल, असं सांगून त्यांनी त्याला मोकळं केलं.

मालकीचा प्रश्न इथे लुळा पडतो. दावेदार इतके, की दावा कुणाचाच उभा राहत नाही. पण देणं किती, हा प्रश्न मात्र दावेदार वाढल्याने संपत नाही. एका माणसाला दहा जणांचं कर्ज असू शकतं.

आपल्या परंपरेत या विचारासाठी शब्द तयारच आहे. तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्माला येतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मण त्यात चौथं जोडतं: माणसांचं. ही ऋणं कशी फेडायची ते वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. ऋषींचं ऋण ऋषींना परत करता येत नाही. ते अध्ययनाने फिटतं: घेतलेलं नीट शिकायचं, जपायचं, पुढच्याला द्यायचं. माणसांच्या ऋणाची फेड वेगळी सांगितली आहे. ते आसरा देऊन आणि अन्न देऊन फेडायचं. तिथे शब्दांनी भागत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. विचाराचं देणं पुढे फेडायचं असतं. जमिनीचं, अंगमेहनतीचं आणि आसऱ्याचं देणं मागे, ज्याचं त्याला. ग्रंथ ही विभागणी या शब्दांत करत नाहीत, ती मी करते आहे, पण बीज तिथलंच आहे.

मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे, तिथे हा फरक रोज दिसतो. कुणाची कल्पना वापरली तर मी त्यांचा निबंध संदर्भात देते, तीवर आणखी काम करते, आणि ते ऋण तिथे फिटतं. त्यासाठी पैसे कुणी मागत नाही, मागितले तर विज्ञान थांबेल. पण जगभर वापरल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातून १९५१ साली तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांचं देणं संदर्भसूचीत तिचं नाव घालून फिटत नाही. तिच्या कुटुंबाला एका कंपनीशी तडजोड करून काही पदरात पडायला २०२३ साल उजाडावं लागलं.

या मोजपट्टीने एसालेनकडे पाहिलं तर काय दिसतं? अरविंदांच्या विचाराचं ऋण मर्फींनी बऱ्याच अंशी फेडलं, असं मला वाटतं. त्यांनी तो विचार अभ्यासला, बदलला, हजारो लोकांपुढे ठेवला, आणि तो कुठून आला हे लपवलं नाही. लेल्यांनी अरविंदांना मोकळं केलं, अरविंदांच्या विचाराने मर्फींना. इथे आपण भारतीय म्हणून रॉयल्टी मागत बसलो, तर आपल्याच परंपरेशी विसंगत वागू. जिथे स्रोताचं नावही न घेता नुसता मंत्र टी-शर्टवर छापला जातो, तिथे तक्रार रास्त आहे; कारण तिथे अध्ययनच झालेलं नाही. पण तीही तक्रार आळसाची आहे, चोरीची नव्हे.

दुसरं देणं मात्र तिथेच, पायाखाली आहे. 'एसालेन' हे नाव एसेलेन या जमातीवरून घेतलं आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये थोडाच फरक आहे. ते गरम झरे, तो कडा हा त्यांचा मुलूख. १७७० नंतर स्पॅनिश मिशनऱ्यांनी इथल्या लोकांना बाप्तिस्मा देऊन मिशनमध्ये नेलं. रोगराईने आणि कष्टाने ते मेले, पांगले. मर्फींच्या आजोबांनी ती जमीन घेतली तेव्हा १९१० साल होतं. योगायोगाने त्याच वर्षी अरविंद पाँडिचेरीत आसरा शोधत होते. १९२५ साली मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी ही जमात पूर्ण नामशेष झाल्याचं लिहून टाकलं. ज्याचं देणं लागतो तोच उरला नाही म्हटल्यावर त्याचं नाव वापरणं सोपं होतं; ती नुसती 'प्रेरणा' ठरते. पण एसेलेन नामशेष झाले नव्हते. त्यांचे वंशज माँटरे काउंटीतच होते. २०२० साली, सुमारे अडीचशे वर्षांनी, त्यांना लिटल सर नदीजवळ जवळजवळ १,२०० एकर जमीन परत मिळाली. ती एसालेनची नव्हती; राज्याच्या ४५ लाख डॉलरच्या अनुदानातून एक खाजगी रँच विकत घेऊन दिली गेली. हे मागे फेडणं. अपुरं, उशिराचं, पण दिशा बरोबर.

आता आपल्याकडे येऊ, कारण आपणही या देशात पाहुणेच आहोत. योगाच्या व्यापारीकरणावर आपण तावातावाने बोलतो. बोलावंही. पण ज्या जमिनीवर आपलं घर आहे, आपलं मंदिर आहे, आपल्या मुलांची मराठी शाळा भरते, ती कुणाची होती हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? जे ऋण पुढे फेडायचं त्याची आपण मागे वसुली मागतो, आणि जे मागे फेडायचं त्याचा हिशेबच उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही १९६५ च्या कायद्यानंतर आलो; जमिनी बळकावल्या त्या दुसऱ्यांनी. आमचे पूर्वज तर स्वतःच कुणाच्या तरी साम्राज्याखाली होते. हे खरं आहे, आणि त्यामुळे आपल्यावर अपराध येत नाही. पण ऋण आणि अपराध या दोन गोष्टी आहेत. ऋणाच्या कल्पनेचं बळ तिथेच आहे: पितृऋण फेडणाऱ्या मुलाने काही गुन्हा केलेला नसतो. तो जन्मला आणि वाढला, म्हणून देणं लागतो. आपण इथे आलो आणि वाढलो.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला जास्त जड वाटतो. योग, ध्यान ही विश्रांतीची जागा आहे. दमलेल्या माणसाने श्वास घ्यायचा, की त्या श्वासाबरोबर मिशन, कालवा आणि ऊसमळे आठवायचे? प्रत्येक आसनाला इतिहासाचं ओझं बांधलं तर कुणीच बसणार नाही. मान्य. आसनावर बसल्यावर हे आठवू नये. पण तासभराचं आसन संपतं, उठून आपण त्याच जगात येतो, आणि मनाची शांती ही त्या जगातल्या देण्यातून सूट नसते. लेल्यांनी अरविंदांना निःशब्द केल्यावर पुढच्याच काही दिवसांत, १९ जानेवारी १९०८ रोजी, अरविंद मुंबईत राजकीय भाषणाला उभे राहिले होते. त्या शांततेने त्यांना जबाबदारीतून बाहेर काढलं नाही.

फेडायचं कसं, याला एकच उत्तर नाही, पण काहीतरी हाताशी असतं. मी राहते त्या सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्व काठावर सोगोरिया ते लँड ट्रस्ट ही तिथल्या मूळ स्त्रियांनी चालवलेली संस्था आहे. तिथल्या रहिवाशांनी, भाडेकरूंनीसुद्धा, घराच्या आकारानुसार दरवर्षी स्वेच्छेने काही रक्कम द्यावी, अशी पद्धत तिने सुरू केली आहे. तिला 'शूमी' म्हणतात. चोचेन्यो भाषेत त्याचा अर्थ भेट. माझ्या दोन खोल्यांची रक्कम फार होत नाही. तुमच्या गावात कदाचित अशी संस्था नसेल, पण तिथल्या मूळ लोकांचं नाव असेलच. मराठी शाळेत मुलांना सह्याद्री शिकवताना ते नाव शिकवायला पाच मिनिटं पुरतात. तिथून पुढे काय करायचं ते मुलं विचारतील, आणि तेव्हा आपल्याकडे उत्तर असायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी 'भारतीय किनाऱ्यापासून प्रेरित' अशी पाटी दिसली, तर चिडण्याआधी किंवा हसण्याआधी दोन प्रश्न विचारा. यांनी घेतलेलं नीट शिकून पुढे दिलं का? आणि ज्यांच्या जागेवर हे उभं आहे त्यांना काही परत गेलं का? मग हेच दोन प्रश्न, त्याच क्रमाने, आपल्या घराच्या पत्त्यालाही विचारून पाहा.